व्हाइट बॅलन्स

चोपड्याच्या कॉलेजात, जीवशास्त्राच्या जुन्या कोठीत,
बेडकांच्या बरण्या हलवून स्टुडिओ झाला.
फॉर्मॅलिनचा वास अजून आहे,
तो काही कॅमेऱ्यात येत नाही.

पंखा बंद, कारण माइकला पंखा ऐकू येतो.
बाहेर चव्वेचाळीस. आत दोन एलईडी
आणि नथूभाऊ मंडपवाल्याकडून मागून आणलेला हॅलोजन,
त्याला बटर पेपर, बटर पेपराला कपड्यांचे चिमटे.

बातम्या देणार रमिला पावरा.
वैजापूरकडच्या पहिल्या एसटीने येते.
तिला निवडलं, कारण अख्ख्या वर्गात
'ळ' फक्त तिलाच येतो.
आम्ही केयी खाणारे, जयगावला जाणारे,
शायेत शिकून इथवर आलेले.
ती म्हणते : केळी. जळगाव. शाळा.
एकेक ळ उचलून नीट जागेवर ठेवल्यासारखा.

"काळा," ती चौथा शब्द म्हणाली
आणि व्ह्यूफाइंडरमधून डोळा न काढता प्रांजल बोलला,
"भो, तिनं तोंडच दिखत नही."

दारातून बाविस्कर सर : पावडर आणा रे कुणीतरी.

मी आठवीपासून लग्नांत हॅलोजन धरतो.
नवरीच्या तोंडावर सरळ,
मैदा होईस्तोवर.
अल्बममध्ये सगळ्या नवऱ्या बहिणी-बहिणी दिसतात,
कुणी तक्रार करत नाही, पैसे रोख मिळतात.
माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नातही मीच होतो उजेड धरून.
तिच्या गालावरचा तीळ
एकाही फोटोत नाही.

पावडरचा डबा आला.
रमिलाने तो बातम्यांच्या कागदांवर ठेवला, वजन म्हणून,
वारा नव्हता तरी.

तेव्हा मला भिंत दिसली.
दिवाळीत चुना मारलेली, पांढरीफट्ट.
कॅमेरा बिचारा तिलाच बघून डोळे बारीक करत होता,
रमिलाकडे त्याने अजून पाहिलंच नव्हतं.

वसतिगृहातून एक करडी चादर आणली, कुणाची ते विचारलं नाही.
खिळे नव्हते, कर्कटकं ठोकली.
हॅलोजन समोरून काढून बाजूला नेला,
भिंतीकडे तोंड करून थर्माकोलवर मारला,
थर्माकोल जवळ, अजून जवळ,
आणि मागून एक लहान बत्ती,
केस चादरीपासून सुटतील एवढीच.

"आता दिखस," प्रांजल म्हणाला.
मग जरा थांबून, हळूच, "भारी दिखस भो."
गालाचं हाड आलं.
हनुवटीवरची गोंदणाची तीन टिंबं आली.
डोळ्यात, टरबुजाच्या ओल्या बीवर असतो,
तेवढाच उजेड.

वही धर, म्हटलं, रंग जुळवायचेत.
तिने कोरं पान छातीशी धरलं.
"पांढरंच का?"
कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते सांगावं लागतं,
मग बाकीचं त्याला कळतं.
"काळं सांगितलं तर कळत नाही त्याला?"
मला उत्तर आलं नाही.
मी बटण दाबलं.

"नमस्कार. मुलींच्या वसतिगृहातला बोअर आजपासून सुरू.
एसटीच्या पासाला शुक्रवारपर्यंत मुदत.
खो-खोत आपण धरणगावकडून एका गुणाने हरलो."

तिसऱ्या वेळी माझ्याच कपाळाचा थेंब
हॅलोजनवर पडून चर्र झाला,
माइकने तेही ऐकलं.
चौथ्या वेळी जमलं.

जाताना तिने डबा माझ्या हातात दिला, झाकणाला सील तसंच.
दुकानदार परत घेईल का, ती म्हणाली,
पंचेचाळीस रुपये आहेत.

रात्री बहिणीला फोन लावला.
तीळ आहे ना गं अजून, विचारलं.
ती म्हणाली, जेवला का तू,
असा काय बोलतोस.