हुद्दा : कातिबा

सोहारमध्ये, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर
नसीम टेलर्सच्या मागच्या खोलीत
दर शुक्रवारी नऊ ते अकरा
झुलेखाबाई तिसेकर आम्हाला लिहायला शिकवायच्या.
अकराच्या ठोक्याला खुर्च्या परत कटिंगच्या टेबलाखाली,
नसीमभाईंना जुम्म्याला जायचं असे.

आम्ही म्हणजे पाच जण. कधी तीन.
दातांच्या दवाखान्यातली ज्योत्स्ना खरात,
डंपरवाला घोसाळकर, जो झोपायचा पण यायचा,
एक जोडपं, त्यांचं पुढे पटलं नाही,
आणि मी. मी पाइपांचं वेल्डिंग तपासतो.
सांध्याचा एक्स-रे काढतो,
आत कुठे हवा अडकलीय का ते बघतो.

फळा नव्हता. पहिल्या दिवशी बाईंनी
भिंतीवर काळं अस्तर टाचलं
आणि शिंप्याच्या खडूने लिहिलं :
वाळू. उंट. खजूर. परका. आई.
"हे पाच शब्द वर्षभर बंद.
आई लिहायचीच असेल
तर आधी तिचं नाव लिहा."

मला लिहिता येईना.
व्हिसाच्या फॉर्मवर चार वेळा लिहिलं होतं,
इंग्रजीत, एका चौकोनात एक अक्षर.
पण घरात त्या नावाने तिला कुणी हाक मारलेली
मी ऐकलीच नव्हती.
तीन शुक्रवार कोरे गेले. चौथ्याला लिहिलं :
इठाबाई डावखुरी होती
आणि पंगतीत वाढताना ते लपवायची.
बाईंनी कागद उजेडाला धरला, माझ्याच धंद्यातल्यासारखा.
"पहिली ओळ धरली. दुसरीत अजून हवा आहे."

स्वतःबद्दल त्या तुकड्यातुकड्याने सांगत, तेही चहा गाळताना.
बाणकोटच्या खाडीवरची शाळा.
मग सव्वीस वर्षं इथल्या शिपिंग एजंटकडे
मालाच्या पावत्या टाइप करणं :
सिमेंट, चाळीस हजार गोणी.
बकऱ्या, जिवंत, नऊशे.
त्या 'जिवंत'वर एकदा बोटं थांबली
आणि पावतीच्या पाठीवर पहिली कविता झाली.
साहेबाने पगारातून एका पावतीचे पैसे कापले.

पहिला संग्रह चिपळूणला छापला, तीनशे प्रती.
त्यावर एकच परीक्षण आलं. त्यात नाव चुकलेलं,
आणि शेवटी : 'यांचं मराठी आश्चर्य वाटावं इतकं शुद्ध आहे.'
हे वाक्य त्या मिटक्या मारत म्हणून दाखवायच्या.
"आश्चर्य कसलं वाटलं, ते विचारायचं राहिलं बघा."
दुसरा संग्रह कुणी छापला नाही.
तिसऱ्याला दापोलीत एक बक्षीस मिळालं, रजा मिळाली नाही.
शाल चुलतभावाच्या बॅगेतून आली.
एसी फार गार झाला की ती ज्योत्स्नाच्या खांद्यावर असे.

एकदा त्यांनी आपलं रहिवासी कार्ड टेबलावर ठेवलं.
हुद्द्यापुढे अरबीत एकच शब्द : कातिबा.
म्हणजे कारकून.
म्हणजे लेखिकासुद्धा, त्या भाषेत वेगळं दुकान नाही.
"गावाला कळायच्या आधी
इथल्या सरकारने लिहून दिलंय," म्हणाल्या,
आणि इतक्या हसल्या की घोसाळकर जागा झाला.

मे महिन्यात ते कार्ड रद्द झालं. साठी झाली होती.
विमानतळावर मीच सोडलं. सामान चोवीस किलो,
त्यात उरलेल्या प्रती किती ते मी विचारलं नाही.
गाडीतून उतरताना एवढंच म्हणाल्या,
"त्या दुसऱ्या ओळीचं बघ."

बघतोय. ती अजून बसत नाही.
इठाबाई का लपवायची, हे मला माहीत आहे असं
मी उगाच लिहून ठेवलं होतं.

भिंतीवरचं काळं अस्तर
नसीमभाईंनी घाईत कुणाच्या तरी कोटाला लावून टाकलं.
खडू झटकला असेल. नसेलही.
म्हणजे सोहारमध्ये कुणी एक माणूस
ते पाच शब्द आतून घालून हिंडतो आहे.
घोसाळकर म्हणतो, कोट लग्नाचा होता.