अर्धविरामापुढचं

शिरोलीच्या फौंड्रीत, भट्टीमागच्या केबिनमध्ये
एक फाईल होती, एकशे बारा ओळींची.
कंट्रोलर सुरू झाला की आधी ती वाचायचा,
मग बाकीचं जग.

चौकटी कंसात विभाग: भट्टी, वाळू, साचा, थंडावा.
त्याखाली बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडं नाव,
उजवीकडं किंमत.
ओतायचं तापमान = १४२०
वाळूतली ओल = ३.४
भोंगा = व्हय

‘व्हय’ वाचून पहिल्या दिवशी मी हसले.
मग प्रोग्राम उघडला, तर आत खरंच लिहिलेलं:
हो, होय, व्हय, चालू, १,
यातलं काहीही आलं तर खरं मानावं.
विभाग सापडला नाही तर नेहमीचं धरावं.
आणि १४२० हा आकडा नसतोच म्हणे वाचताना,
नुसती चार अक्षरं असतात,
आकडा आपण करून घ्यायचा.

ज्या ओळीच्या तोंडाशी अर्धविराम
ती ओळ मशीन वाचत नाही.

; चार नंबरचं थर्मोकपल दहा अंश खोटं बोलतंय, धरून चाला
; सोमवारी सुट्टी. मंगळवारी भट्टी गार. पहिल्या हीटला वीस मिनिटं जादा
; नदीकाठची वाळू आली तर ओल ३.१. ट्रकवाल्याचं ऐकू नका
; थांबा = ४७ हे बदलायचं नाही. का ते मला विचारा. अ. मगदूम

धाकटे शेठ म्हणाले, आकडे स्क्रीनवरनं बदलता आले पाहिजेत.
सात ओळींचं काम.
वाच, एक किंमत बदल, परत लिही.
३.४ चे ३.३ केले. चाललं.
शेठ खूश, वडापाव आला.

संध्याकाळी फाईल उघडली. एकसष्ट ओळी.
सगळे आकडे बरोबर. सगळ्या मोकळ्या जागा सारख्या.
लग्नासाठी दाढी करून बसवलेल्या माणसासारखी
ओळखू न येणारी.
अर्धविराम एकही नाही.

चूक कुणाचीच दिसेना. कुठं लाल अक्षर नाही.
वाचतानाच त्यानं त्या ओळी घेतल्या नव्हत्या,
लिहिताना कुठनं देणार?
प्रत ठेवायची असते. ठेवली नव्हती.
भट्टी चालूच होती, भोंगा वाजला, पाळी बदलली,
साच्यात लोखंड उतरलं, नेहमीसारखं.

सोमवारी कसबा बावड्याला गेले.
अण्णासो मगदूम गच्चीवर शेंगा वाळत घालत होते.
थर्मोकपलचं लगेच सांगितलं, वर एक शिवी.
ट्रकवाला म्हणजे शिंगणापूरचा रझाक, तेही आठवलं,
त्याच्या पोरीच्या लग्नातलं जेवणसुद्धा.

‘आणि सत्तेचाळीस?’
त्यांनी शेंग फोडली. दाणे माझ्या हातावर ठेवले.
‘सेकंद का मिनिटं?’
मलाच विचारलं.
‘सेकंद.’
बराच वेळ खाली रस्त्याकडं बघत राहिले.
‘पंचेचाळीस केलं हुतं एकदा,’ म्हणाले,
‘कायतरी फुटलं हुतं.’
काय, ते नाही आठवलं.
निघताना पिशवीभर शेंगा दिल्या.

आता माझा प्रोग्राम फाईल उलगडत नाही.
ओळीनं ओळ हातात घेतो,
ज्या आकड्याचं काम तेवढाच खोडतो,
बाकी वेडीवाकडी जागा, टॅब, शिवीसकट
जशी आली तशी पुढं सरकवतो.
सात ओळींचे त्र्याण्णव झाल्या.
शेठ म्हणाले, एवढं काय केलंस त्यात?

आठवतील तेवढे शेरे पुन्हा टंकले. अकरा झाले.
किती होते, मोजले नव्हते कधी.
शेवटचा थंडाव्याखाली:

; थांबा = ४७ हे बदलायचं नाही. पंचेचाळीसला कायतरी फुटलं होतं
; एवढंच कळलं. स. नदाफ