दोन्ही बाजूंनी

सर्जेकोटच्या जेटीसमोर, बर्फाच्या फॅक्टरीच्या माडीवर
मी एक खेळ लिहितेय. चित्रं नाहीत, नुसती वाक्यं.
"तू धक्क्यावर उभा आहेस. समोर होडी आहे."
खेळणारा टाइप करतो: दोर घे. बोया घे. बर्फ घे.
सगळं जमलं की होडी सुटते.

सगळं जमलं. होडी सुटेना.

एका अ‍ॅरेत मी लिहिलेलं, काय काय लागेल.
दुसऱ्यात, त्यानं काय काय उचललं.
दोर, बोया, बर्फ, कंदील, पेजेचा डबा.
इकडे पाच, तिकडे तेच पाच,
आणि मशीन म्हणतं, समान नाहीत.
ते आत डोकावतच नाही मुळी.
दोन टोपल्या दोन जागी ठेवल्यात,
एवढ्यावरून निकाल.
आत तारले आहेत की वाळू, त्याला काय!

मग एकेक घर उघडायला लावलं,
पहिल्यासमोर पहिलं, दुसऱ्यासमोर दुसरं.
त्यानं बर्फ आधी उचललेला. पुन्हा नाही.
बर्फ आधी घेतला म्हणून
कुणी कुणाला दर्या बंद केलाय का?

क्रम सोडला. इथलं प्रत्येक तिथे शोध, म्हटलं.
पावणेदोनला होडी सुटली.
सकाळी भाची खेळायला बसली, तिनं वाटेतली
शाळेची घंटापण उचलली.
तरी सुटली.

खाली सोसायटीच्या टेबलाशी जयवंत मेथर.
पहाटे गेलेल्यांची वही, सांजेला उतरलेल्यांची वही.
नावावर बोट, दुसरीकडे नजर, खूण.
संपलं की वह्या बदलतात
आणि तेच सगळं उलटं.

दोनदा कशाला, काका?

"येकाच बाजून बघितलंस
तर सगळा बरोबरच दिसता गो."

वादळाच्या सालची गोष्ट. कोयंड्यांचे पाच गेले,
पाचही आले. पाच खुणा, वही बंद.
ज्याला त्याला आपलं घर दिसत होतं.
तासाभरानं जाळ्यांच्या ढिगाआड
एक मुलगा कुडकुडत बसलेला सापडला.
आचऱ्याकडचा. बोया धरून तरंगत होता,
ह्यांनी ओढून घेतलेला.
वॉचमननं उतरताना सहावी ओळ लिहिली होती,
नाव नाही, नुसतं 'पोर'.
मेथरांचं बोट तिथवर गेलंच नव्हतं.
"चायपण नाय दिल्यान कोणी,"
म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले बराच वेळ.

रात्री दुसरा फेरा लिहिला. चारच ओळी.
जादा निघालं तर होडी अडवायची, असं ठरवलेलं.
ते खोडलं.
आता पडद्यावर येतं:
"होडीत एकजण जास्त आहे.
त्याचं नाव तुला माहीत नाही."
आणि खाली तो बाण, लुकलुकत,
तुम्ही काय टाइप करता त्याची वाट बघत.

'चहा दे' हे खेळाला कळतं.
तेवढं मी तपासून ठेवलंय.