उलटा पीळ

रविवारी बातिझादो.
म्हणजे बारसंच, इम्तियाज सर म्हणाले,
फक्त पाळण्याच्या जागी फरशी,
आणि नाव ठेवायच्या आधी
पाहुणा उस्ताद तुम्हाला पाडतो.

कमरेची दोरी ज्याची त्यानं करायची.
अर्धी कोरी, अर्धी हिरवी.
पुण्याची मुलं म्हणे कुरियरनं सूत मागवतात.
आम्ही नई जिंदगीच्या गच्चीवर पोट धरून हसलो.

सूत घरातच होतं,
पलंगाखाली, पोत्यात.
एकवीस कोन,
कारखाना बंद पडला तेव्हा
शेवटच्या पगाराच्या बदल्यात मिळालेले.
तीन वर्षं नान्नांनी त्यांना हात लावला नव्हता.
आता ते सात रस्त्याला एका एटीएमबाहेर बसतात,
रात्रपाळी, निळा शर्ट,
आणि माग हा शब्द
आमच्या घरात कुणी काढत नाही.

मी व्हिडिओ बघत बारा पदर मोजले,
कडीला बांधले, पिळत पिळत
मोरीपर्यंत मागे गेले.
सोडलं की भुर्रकन उलगडायचं सगळं.
तीनदा.
आई विड्यांच्या सुपातून मान वर न करता म्हणाली,
"पायानं कोलांट्या शिकलीस,
हातानं कधी शिकणार गं?"

चार वाजता नान्ना उठले.
बाहेर त्रेचाळीस, आत पंख्याचा नुसता आवाज.
बनियनवरच आले,
माझ्या हातातलं टोक घेतलं,
चिमटीत चोळून पाहिलं, वासही घेतला.
"एकाच अंगानं पिळलंस तर सुटणारच की.
आधी एकेक पदर डावीकडं.
मग तिन्ही मिळून उजवीकडं.
सगळेच सुटायला बघतात,
अन् त्या सुटण्यातच एकमेकांत अडकतात.
गट्टिगा पट्टु."
घट्ट धर.

खोली पुरेना, म्हणून बोळात आलो.
आमच्या दारापासून बोल्लींच्या खांबापर्यंत ताण.
एक स्कूटर थांबली. चिप्पा काकू
घागर सांभाळत खालून वाकून गेल्या.
मग एकेक म्हातारा बाहेर यायला लागला,
लुंगी सावरत, प्रत्येकाचं वेगळं मत:
ढिलं आहे, ओलं करा, अरे नरसय्या खळ लाव थोडी!
कुणीच विचारलं नाही
दोरी कशासाठी.

रंगाची पुडी सिद्राम मामांनी दिली, डाय हाऊसमधली.
जुन्या भगुण्यात पाणी, ओंजळभर मीठ,
अर्धी दोरी आत, अर्धी काठीवर बाहेर,
दोघं दोन बाजूंना उकिडवे.
"पाडतात म्हणजे लागतं का?"
त्यांनी भगुण्याकडे बघतच विचारलं.
नाही हो. पाय अलगद काढून घेतात.
कळतसुद्धा नाही.

"आमचाबी तसाच काढला," ते म्हणाले.
"अलगद. दिवाळीच्या आधी."

पाणी उकळत होतं.
मला सांगायचं होतं की पडल्यावर
तसंच झोपून राहायचं नसतं,
हात टेकायचा, गिरकी घ्यायची,
आणि नजर समोरच्यावरून हलू द्यायची नाही.
हे पहिल्याच दिवशी शिकवतात.
पण सांगितलं नाही.
काठीनं दोरी जरा फिरवली.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही:
शाळेत ही म्हण हेकट माणसासाठी होती,
पाच मार्कांचं कल्पनाविस्तार.
मी काय काय लिहिलं होतं कोण जाणे.
कुणाच्या बोटांबद्दल नक्कीच नाही.

रात्री दोरी वळणीवर, टोकातून
हिरवं पाणी टपटप.
नान्नांनी ती माझ्या कमरेला लावून बघितली,
वीतभर जास्त सोडली. "आटतं."
मग निळा शर्ट घालून, हिरवे हात घेऊन कामाला गेले.
एटीएमच्या काचेवर
उद्या कुणाला तरी बोटं दिसतील.

झोपताना कॅलेंडर पाहिलं.
गॅसच्या नोंदी, दुधाच्या खाडाखोडी,
आणि रविवारच्या चौकोनात,
जिथं गेल्या आठवड्यात
"रात्र + दिवस" लिहिलं होतं,
'दिवस' खोडलेला.
शेजारी अंगठ्याचा ठसा,
अजून ओलसर.