वाऱ्याच्या पाळ्या

शाळेच्या खांबाला मी तापमापक टांगला,
सावलीत, पोरांचे हात पोचणार नाहीत एवढा उंच.
सकाळी सहा : अकरा.
दुपारी तीन : चौतीस.
शिमग्याच्या तोंडावरचा एकच दिवस,
आणि स्वेटर पाटीखाली घडी करून ठेवलेला.

धाकलू सपकाळ वही बघतो नि हसतो.
बामणोलीहून लाँच आणतो तो,
त्याला आकडा लागत नाही.
चुलीचा धूर कुठं वाकतो
तेवढं बघून दोर सोडतो.

सकाळचा धूर उतारानं खाली येतो,
कौलांवरून, करवंदीतून, पार पाण्यापर्यंत.
कातळावर ऊन बसलं की, दहाच्या सुमाराला,
घुटमळतो,
जरा वेळ सरळ उभा राहतो
आणि वळून डोंगर चढू लागतो.
"पाळी बदलली," धाकलू म्हणतो.
साखर कारखान्यावर सहा हंगाम काढलेत त्यानं,
भोंगा अजून कानात आहे.

तीनला खरा वारा.
कोकणातून घाट चढून आलेला,
कारवीत दमही न खाता थेट पाण्यावर पडणारा.
तेव्हा लाँच काठाला बांधलेली बरी.
मी एकदा हट्ट केला होता, मेढ्याला पगाराचं काम होतं.
मधोमध, नाक वाऱ्याला लावून,
अर्धा तास जागच्या जागी घरघरत राहिलो.
त्या दिवशीच्या रकान्यात आकडा नाही.

अंधार पडला की कातळ ऊन परत करतो,
थोडं थोडं, उसनं फेडल्यासारखं.
मग थंडी उतरायला लागते :
आधी वरच्या रानातली, मग वाडीतली,
ओढ्याच्या वाटेनं, घोट्याला लागत.

"जाते कुठं?" मी विचारलं.
"गावात."
गाव तर वर होतं, आमच्या पाठीमागं.
त्यानं हनुवटीनं पाणी दाखवलं.
खाली कुठंतरी त्याच्या आजाचं अंगण होतं,
आईनं जात्याचा खुंटा तेवढा वर आणला होता.

"माणसं उठवली, बाई.
थंडीला कुणी नोटीस दिली न्हाई.
ती रोज रात्री जुन्याच वाटेनं जाते."

पहाटे खोरं धुक्यानं काठोकाठ.
वर उरतात वासोट्याचा माथा, दोन टेकाडं,
शाळेचा पत्रा आणि आम्ही.
"बेट म्हंजे असंच का, बाई?"
पहिल्या बाकावरची सुरंगा विचारते.

मी पाऱ्याकडं बघते. अकरा.
शेजारी नवा रकाना आखलाय : धूर.
त्यात लिहिते : खाली.