हद्दीच्या खुणा

धंतोलीत, पॅथॉलॉजी लॅबच्या तळघरात,
मे महिन्यातल्या रात्रीचे दीड.
कूलरचं पाणी कधीच संपलं, वाळा नुसता खरखरतो.
पडद्यावर आठ मशीनांची नावं राखाडी पडलेली
आणि प्रत्येकीपुढे तोच शब्द, अनुपलब्ध.
रक्त, थुंकी, गाठींचे तुकडे,
अकरा वर्षांचे रिपोर्ट
कुठेतरी आहेत.

निखाडे भिंतीला टेकून उभा. तेवीस वर्षांचा.
"मी काहीच नाही केलं न मॅडम.
बॅकअपवाल्या सर्व्हरनं विचारलं,
नवी डिस्क दिसते, सुरू करू का?
मी हो म्हटलं."

इतक्या नम्रपणे विचारल्यावर कोणीही म्हणेल.
मीही म्हटलंय, दुसऱ्या गोष्टींना.

डिस्कला विचारते, तुझे भाग किती?
ती आपला एकूण आकार सांगते, दोन टेराबाइट,
आणि त्याखाली कोरी ओळ.

बाबा भूकरमापक होते, काटोल तालुक्यात.
साखळी ओढून ओढून उजवा खांदा उतरलेला.
जेवताना सांगत,
धुऱ्यावरचा दगड उपटला म्हणून वावर कोणी उचलून नेत नाही.
फक्त खूण सापडेपर्यंत
कोणाला नांगर घालू देऊ नये.
मी वरणभात कालवत बसायची,
मला काय करायचं होतं कोणाच्या वावराशी.

"निखाडे, कशावर काही लिहायचं नाही. एक बाइटसुद्धा."

मग कच्चे आकडे उपसत बसले.
शून्य शून्य शून्य शून्य
शून्य शून्य
डोळे चुरचुरायला लागले, घाम कीबोर्डवर,
शून्य,
आणि बरोब्बर दोन मेगाबाइटांवर
ती ओळखीची सही, जशीच्या तशी.
तिथून एक मेगाबाइट मागे मोजलं.
आरंभ, दोन हजार अठ्ठेचाळीस.
शेवटचा आकडा तीनदा ताडून पाहिला,
चौथ्यांदा निखाडेला वाचायला लावला,
त्याचा आवाज चिरकला.
एन्टर.

आधी काहीच नाही.
मग एक नाव काळं झालं. मग चार.
सातवं बराच वेळ अडून राहिलं.
पहिला उघडला तो कोणा शेवंता बोरकुटेंचा रिपोर्ट,
हिमोग्लोबिन सात पूर्णांक एक,
शेरा: कळवायचे आहे.
तारीख आजची. म्हणजे आता कालची.

मी नंबर कागदावर उतरवत होते
तेवढ्यात बॅकअपवाल्या पडद्यावर पुन्हा चौकट आली,
आणखी एक डिस्क दिसते, सुरू करू का?

निखाडेनं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.