शनिवारची सवारी

आठवडाभर दोघं मिशनच्या दवाखान्यात.
एल्डनबाबा चाकखुर्च्यांना वंगण घालतात,
वर्नाबाई पोरींना शिवण शिकवतात,
चुकलं की स्वतःच उसवत बसतात.

शनिवारी माझा ऑटो.
झिरो माईलच्या दगडापाशी बाबांनी चष्मा पुसून
एकेक गाव वाचलं. "आमचं नाही यात."
मी म्हटलं, जागा नसंल उरली जी.

तर्री-पोह्यानं बाईंच्या नाकाला धार,
तरी दुसरी प्लेट.
फुटाळ्याच्या कठड्यावर पाय सुजलेले,
बाबा खाली वाकून त्यांच्या बुटाची नाडी सोडत होते.
लोक पाहून राहिले होते. पाहू दे.

पेंचला साडूची जीप नेली.
पाच तास. वाघ नाही.
एक शेणकिडा दिसला, त्याचेच अकरा फोटो.

मनसरच्या ढाब्यावर नातवाला कार्ड लिहायला घेतलं.
"दिसला म्हणून लिहून टाका ना बाई,
कोण येते तपासायला?"
पेन बराच वेळ तसाच.
मग लिहिलं, आणि मला तुटक मराठीत सांगितलं:
वाघ होता. आम्हाला दिसला नाही.

कन्हानच्या पुलावर बाबांनी मागून
माझ्या खांद्यावर हात ठेवला.
कशासाठी, विचारलं नाही.
गाडी जराशी हळू केली.